वडी संपते तो दिवस

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही घरी साबण, लोशन, बॉडी बटर, स्क्रब आणि बाथ बॉम्ब करता. ओळखीच्या बायका कौतुक करतात, इन्स्टाग्रामवर फोटोंना चांगले लाइक येतात, पण महिन्याला पंधरा-वीस नगांच्या वर विक्री जात नाही. हाताशी थोडी रक्कम साठली आहे. ती जाहिरातीवर लावू, नव्या पॅकिंगवर, की वेबसाइटवर, असं तुम्ही विचारलंय.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात : 'नेणारे बहुतेक एकदाच नेतात.' मला वाटतं खरा प्रश्न तिथे आहे. साबण ही संपणारी वस्तू. ज्याला आवडला त्याला तो दर महिन्याला लागतो. दहा माणसं टिकली तर वर्षाला सव्वाशेच्या आसपास वड्या जातात आणि त्यांना पुन्हा पटवायला काही खर्च नाही. तीच माणसं एकदा नेऊन थांबली, तर दर महिन्याला नवी दहा शोधायची, आणि ओळखीपाळखीची यादी कधीतरी संपतेच. तुमची ती संपत आलीय असं वाटतं. अशा वेळी जाहिरात दिली तर आणखी काही माणसं एकदाच नेतील, इतकंच होईल. म्हणून पहिली रक्कम कशावर लावायची याचं माझं उत्तर आहे : ज्यांनी एकदा नेलंय त्यांनी दुसऱ्यांदा मागावं, यावर.

मी चौदा वर्षं साबण करून विकतेय. माझा हात कोल्ड प्रोसेस साबणावर (तेल आणि कॉस्टिकचं मिश्रण न शिजवता केलेल्या) बसलेला आहे, त्यामुळे खालचं बरंचसं साबण डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील. आठवड्यात किती तास मोकळे मिळतात, हवा दमट आहे की कोरडी, घरात वड्या सुकवायला जागा किती, हे मला माहीत नाही. कायदाही सगळीकडे सारखा नाही. कुठे साध्या साबणाला एक नियम आणि क्रीमला दुसरा, कुठे घरी बनवून विकायलाच परवाना, कुठे प्रत्येक फॉर्म्युल्याची सुरक्षा तपासणी. तुमच्याकडे काय लागू आहे ते आधी विचारून घ्या आणि त्याचा खर्च बजेटच्या पहिल्या ओळीत लिहा. तो मागे ठेवून पॅकिंगवर पैसे घातलेले लोक मी पाहिलेत. त्यांना नंतर सगळी लेबलं पुन्हा छापावी लागली.

आता मालाबद्दल. पाच प्रकारच्या वस्तू आणि प्रत्येकीत चार-पाच सुगंध, असं तुमच्या फोटोंच्या वर्णनावरून दिसतंय. मी हेच केलं होतं. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे अकरा सुगंधांचे साबण होते. वर्षअखेरीला वही घेऊन बसले तेव्हा कळलं की दोन तृतीयांश विक्री तीनच सुगंधांची होती. बाकीच्या आठांचे पैसे कपाटातल्या बाटल्यांत अडकले होते, आणि त्यातली संत्र्या-लिंबाची तेलं तर तोवर शिळी व्हायला लागली होती, कारण लिंबूवर्गीय तेलं लवकर उतरतात. तेव्हापासून मी तीनवर आले. एक फुलाच्या वासाचा, एक ताज्या वनस्पतीच्या वासाचा आणि एक बिनवासाचा. बिनवासाचा जरूर ठेवा. दिसायला तो साधा असतो आणि फोटोत उठत नाही, पण ज्यांना वासाचा त्रास होतो ती माणसं असा साबण शोधतच असतात, आणि एकदा सापडला की सहसा सोडत नाहीत. माझी सर्वांत जुनी गिऱ्हाइकं बिनवासाच्या वडीची आहेत.

लोशन सध्या थांबवा, हे मी आग्रहाने सांगेन. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढतात. त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह योग्य प्रमाणात हवं, ते ज्या पीएचला (आम्लतेच्या पातळीला) काम करतं तो पीएच सांभाळायला हवा, आणि विकायचं असेल तर प्रयोगशाळेतून सूक्ष्मजीव चाचणी करून घ्यायला हवी. छोट्या बजेटमध्ये एवढं सगळं नीट बसत नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या एका गिऱ्हाइकाने लोशनची बाटली परत आणून दिली. झाकण उघडलं तर तोंडाशी आतल्या बाजूला मोहरीएवढे काळे ठिपके होते. तिने ते लोशन आठ दिवस लावलं होतं. तिच्या त्वचेला काही झालं नाही, पण त्या रात्री मी त्या बॅचच्या प्रत्येक माणसाला फोन करून बाटल्या परत मागवल्या. स्क्रबचंही तसंच आहे. तो तेल-साखरेचा असला, त्यात पाण्याचा थेंब नसला, तरी माणूस न्हाणीघरात ओल्या बोटांनी डबीत हात घालतो. म्हणजे पाणी आत जातंच, आणि प्रिझर्व्हेटिव्ह तिथेही लागतं.

बॉडी बटर ठेवायला हरकत नाही. त्यात पाणी नसतं, म्हणून जंतूंची भीती कमी. जपायचं ते तेल खवट होण्यापासून, त्यासाठी व्हिटॅमिन ई उपयोगी पडतं. मात्र पार्सलने पाठवत असाल तर वितळण्याचा विचार करा. खोबरेल तेल 24 अंशांना पातळ होतं. मेणाला मात्र 62 ते 64 अंश लागतात. उन्हाच्या दिवसांत मेणाचं प्रमाण थोडं वाढवलं नाही, तर घट्ट निघालेलं बटर पातळ होऊन पोचतं, झाकणातून गळतं आणि पुन्हा थिजताना रवाळ होतं. शिया बटर हळूहळू थंड झालं की हमखास रवे धरतं, म्हणून ओतल्यावर ते पटकन गार करावं. बाथ बॉम्बविषयी फार सांगण्यासारखं नाही. दमट हवेत तो फुगतो, पार्सलमध्ये तुटतो आणि एका अंघोळीत संपतो. भेटवस्तूच्या डब्यात घालायला ठेवा.

आता मुख्य भाग. 100 ग्रॅमची, नीट सुकलेली वडी एका माणसाला साधारण महिनाभर पुरते. घरात चौघं तीच वापरत असतील तर आठवड्याभरात जाते. वडी संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी माणूस पुढच्या साबणाचा विचार करतो, आणि तोही जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटाला तुम्ही त्याच्या डोक्यात नसाल तर तो दुकानातून नेहमीचा साबण उचलतो. तुमचा आवडला नव्हता म्हणून नव्हे, तर तुमचा मागवायला आठवण ठेवावी लागते म्हणून. मग तो नेहमीचा साबण संपेपर्यंत आणखी एक महिना जातो आणि तुमचं नाव मागे पडतं. 'एकदाच नेतात' यातला मोठा भाग असा घडतो.

यावर मी जे करते त्याला एक वही आणि एक पेन लागतं. प्रत्येक विक्रीला एक ओळ : नाव, तारीख, कोणती वडी, बॅच नंबर, आणि घरात किती जण वापरणार. हा शेवटचा रकाना मी पाचव्या वर्षी सुरू केला आणि त्यानेच सगळा हिशोब बसला. एकटं माणूस असेल तर 25व्या दिवसावर खूण, दोघं असतील तर 12व्या. देतानाच विचारून ठेवायचं, 'संपत आली की मी मेसेज केला तर चालेल ना?' जवळजवळ सगळे हो म्हणतात. जे नको म्हणतात त्यांच्या नावापुढे फुली, आणि त्यांना खरंच मेसेज करायचा नाही. त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी वही उघडायची आणि ज्यांची खूण आहे त्यांना एकेकट्याला लिहायचं. माझा मेसेज असा असतो : 'नमस्कार. 3 तारखेला तुम्ही लव्हेंडरची वडी नेली होती, आता संपत आली असेल. नवी बॅच तयार आहे. हवी असेल तर बाजूला काढून ठेवते. नको असेल तर आधीची कशी निघाली तेवढं सांगा, मला उपयोग होईल.' ग्रुपवर टाकलेल्या जाहिरातीपेक्षा याला किती तरी जास्त उत्तरं येतात, कारण तारीख आणि वडीचं नाव वाचल्यावर माणसाला कळतं की हे आपल्यालाच लिहिलंय.

जे परत घेत नाहीत त्यांचं उत्तर आणखी मोलाचं. फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. 'कसा वाटला?' असं विचारलं की माणूस 'छान' म्हणतो. तुमच्या तोंडावर दुसरं काय म्हणणार? मी विचारते, 'वडी पूर्ण संपवली, की मध्येच ठेवून दिली?' ठेवून दिली असेल तर पुढचं कारण आपोआप येतं. एकदा तीन जणींनी लागोपाठ सांगितलं की वडी आठ दिवसांत लगदा झाली. मला वाटलं सुकवणं कमी पडलं. पण बॅच सात आठवड्यांची होती. शेवटी त्यातल्या एकीच्या घरी जाऊन पाहिलं. साबणदाणी खोल, तळाला भोक नाही, आणि वडी अर्धा बोट पाण्यात बुडालेली. हाताने केलेल्या साबणात ग्लिसरीन राहतं, ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे पाण्यात ठेवलेली वडी झपाट्याने विरघळते. त्या दिवसापासून प्रत्येक वडीसोबत दोन ओळींचा कागद जातो : भोकं असलेल्या दाणीत किंवा जाळीवर ठेवा, वापरानंतर कोरडी होऊ द्या. ती तक्रार जवळपास थांबली. हे मला कुठल्या जाहिरातीतून कळलं नसतं.

आणि मग सॅम्पल. तुमच्या रकमेतला सर्वांत मोठा वाटा मी इथे लावेन. पण नखाएवढे तुकडे वाटू नका. एका हात धुण्यात संपणाऱ्या तुकड्याने वास कळतो. त्वचा कोरडी पडते की नाही, फेस शेवटपर्यंत राहतो की नाही, हे कळायला चार-पाच अंघोळी लागतात. ज्या ठोकळ्यातून वड्या कापता त्याची दोन्ही टोकं आणि वाकड्या कापल्या गेलेल्या वड्यांचे 20 ग्रॅमचे तुकडे करा. एक तुकडा पाच-सहा दिवस जातो. तीस माणसांना असे तुकडे दिले तरी माल सहाच वड्यांचा लागतो, आणि त्यातला बराचसा तुम्ही एरवी बाजूला काढलेलाच असतो. कागदाच्या पुडीवर साबणाचं नाव, घटक, बॅच नंबर आणि तुमचा फोन नंबर हाताने लिहिलात तरी चालतं. सातव्या दिवशी वहीतून विचारायचं. सॅम्पल कोणाला द्यायचं हेही ठरवा. ज्यांनी आधीच कौतुक केलंय त्या मैत्रिणींना नको. ज्या माणसाकडे रोज दहा-वीस लोक येतात आणि हात धुतात, तिथे द्या : सलून, योगवर्ग, मातीकाम शिकवणारे, छोटी अतिथीगृहं. त्यांच्या बेसिनवर आख्खी वडी ठेवायला द्या आणि बाजूला तुमचं कार्ड. माझं एक नेहमीचं काम अशाच एका बेसिनवरच्या वडीतून आलं. कोणीतरी हात धुतले आणि वास घेत बाहेर येऊन विचारलं, हा कुठला?

हे सगळं सुरू करण्याआधी तुमच्या मांडणीवरच्या वड्या मोजा. ही चूक मी केली आहे, तुम्ही करू नका. कोल्ड प्रोसेसची वडी कापल्यानंतर चार ते सहा आठवडे सुकायला हवी. त्या काळात पाणी उडतं, वडी कडक होते, जास्त दिवस टिकते आणि त्वचेला सौम्य लागते. म्हणजे आज मागणी वाढली तर माल दीड महिन्याने मिळणार. माझी एक पोस्ट अचानक खूप लोकांनी पुढे पाठवली होती. चार दिवसांत सगळं विकलं गेलं आणि पुढच्या पन्नास माणसांना मी 'सहा आठवड्यांनी देते' असं कळवलं. सहा आठवड्यांनी त्यातली चारच माणसं उरली होती. तेव्हा हिशोब उलटा करा. महिन्याला तीस वड्या जाव्यात असं वाटत असेल तर 45 वड्या कायम सुकत असायला हव्यात. भेटवस्तूंचा हंगाम पकडायचा असेल तर सुकण्याचे सहा आठवडे, गुंडाळण्याचा एक, आणि विक्रीचे किमान तीन, म्हणजे दहा आठवडे आधी साचे भरायला घ्या. घाईने तीन आठवड्यांची मऊ वडी दिली तर ती पंधरा दिवसांत विरघळते, आणि तुमच्या दुसऱ्या विक्रीची वाट तिथेच बंद होते.

वजनाचं एक. सुकताना वडी हलकी होते. माझी कापताना 115 ग्रॅम भरणारी वडी सहा आठवड्यांनी 100च्या आसपास येते. लेबलवर सुकल्यानंतरचं वजन हवं आणि ते प्रत्येक बॅचला काट्यावर तपासायला हवं. कमी भरलेली वडी हातात घेऊन कोणी बोलत नाही, पण लक्षात ठेवतं.

लेबलवर काय लिहायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. 'केमिकल फ्री' लिहू नका. साबण होतोच मुळी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक, आणि तेल यांच्या रासायनिक क्रियेतून. ज्या गिऱ्हाइकाला हे माहीत आहे त्याचा तुमच्यावरचा विश्वास त्या दोन शब्दांनी जातो, आणि ज्याला माहीत नाही त्याला आपण फसवतो. स्टॉलवर हमखास विचारतात, 'यात कॉस्टिक आहे का?' मी सांगते, 'करताना घालावंच लागतं, त्याशिवाय साबण होत नाही. पण तेल पाच टक्के जास्त घेतलेलं असतं, त्यामुळे ते सगळं तेलाबरोबर साबणात बदलून जातं, वडीत मोकळं राहत नाही.' हे ऐकून कोणी वडी खाली ठेवलेली मला आठवत नाही. तसंच, 'पीएच 5.5' लिहू नका. खऱ्या साबणाचा पीएच 9 ते 10च्या घरात असतो, 5.5 म्हणणाऱ्या वड्या वेगळ्या प्रकारच्या क्लेन्झरपासून बनतात. आणि एक्झिमा, सोरायसिस, मुरुमं बरी होतात असं कधीही म्हणू नका, गिऱ्हाइकाने तसं लिहून पाठवलं तरी ते छापू नका. बरं करण्याचा दावा केला की बहुतेक देशांच्या कायद्यात ती वस्तू औषधात मोडते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणीतरी डॉक्टरकडे जायचं लांबवतं.

लिहायचं ते असं : उतरत्या प्रमाणात सगळे घटक, निव्वळ वजन, बॅच नंबर, बनवल्याची आणि किती काळात वापरायची ती तारीख, तुमचा पत्ता-फोन, आणि तुमच्या नियमांप्रमाणे आणखी जे लागेल ते. सुगंधी तेल विकणाऱ्याकडून त्याचं इफ्रा (सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणपत्र मागून घ्या. कोणत्या प्रकारच्या वस्तूत जास्तीत जास्त किती टक्के चालतं ते त्यात दिलेलं असतं. धुऊन जाणाऱ्या साबणाला एक मर्यादा, अंगावर राहणाऱ्या बटरला दुसरी. बरगॅमोट किंवा लिंबाचं सालीतून दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजू शकते, म्हणून अंगावर राहणाऱ्या वस्तूत ते फार जपून. ही माहिती गिऱ्हाइकाला न विचारता द्या. लहान उत्पादकाकडे माणूस येतो ते अशा उत्तरांसाठी.

पॅकिंगवर मोठी रक्कम घालायची गरज मला दिसत नाही. माणूस हातात साबण घेतला की आधी नाकाला लावतो, वाचतो नंतर. स्टॉलवर उभं राहून अर्धा तास नुसतं बघा, म्हणजे पटेल. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद केलेल्या वडीचा वास येत नाही आणि आतला ओलावाही कोंडतो. मी कागदाचा रुंद पट्टा मध्यभागी गुंडाळते, दोन्ही टोकं उघडी. घरच्या प्रिंटरवर छापलेला, जाडसर कागदाचा. टेबलवर प्रत्येक सुगंधाची एक उघडी वडी वास घ्यायला, आणि तीन-चारपेक्षा जास्त सुगंध एका वेळी पुढे मांडायचे नाहीत, कारण त्यानंतर नाकाला फरक कळेनासा होतो आणि माणूस 'नंतर येते' म्हणून निघतो. जमल्यास पाण्याचं भांडं, एक वडी आणि स्वच्छ टॉवेल ठेवा. ओल्या हातावर फेस झाला की बोलण्याचं काम कमी होतं.

फोटोसाठीही खर्च नको. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली मऊ पडते. वडी कोणाच्या तरी हातात असावी, म्हणजे आकार कळतो. ओली, फेस आलेली वडी सजवलेल्या फुलांपेक्षा जास्त विकते असा माझा अनुभव. ठोकळा कापतानाचा व्हिडिओ लोकांना बघायला आवडतो. आठवड्याला एक पुरे. त्यात कॉस्टिक ओतताना चष्मा-हातमोजे घातलेले दिसू द्या.

किंमत. तुम्ही लिहिलंय की मैत्रिणींना महाग वाटू नये म्हणून कमी ठेवली आहे. वेळ मोजलाय का? माझी चाळीस वड्यांची बॅच, तेलं वितळवण्यापासून भांडी घासणं, कापणं, गुंडाळणं धरून साडेतीन तास खाते, म्हणजे वडीमागे पाचेक मिनिटं. साहित्य, कागद, पाच मिनिटांची मजुरी, वीज-पार्सल-तुटफूट, सॅम्पलचा वाटा, परवान्याचा वाटा, हे सगळं मिळून झाला तो तुमचा खरा खर्च. विक्रीची किंमत त्याच्या दुप्पट यायला हवी, कारण उद्या एखादं दुकान माल मागेल तेव्हा ते तीस ते पन्नास टक्के ठेवून घेईल, आणि तेव्हा हातात खर्चही सुटणार नाही अशी किंमत असेल तर तुम्हाला चांगल्या संधीला नाही म्हणावं लागेल. पुढे वाढवायची असेल तर नव्या बॅचपासून वाढवा आणि जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळवा. दुकानाशी बोलताना शक्यतो रोख विक्री करा. 'विकेल तसे पैसे' या बोलीवर ठेवलेला माल उन्हाच्या काचेत रंग उतरवत पडून राहतो. माझ्या दोन डझन वड्या एका दुकानातून वर्षाने परत आल्या, पांढुरक्या आणि बिनवासाच्या.

जाहिरात आणि वेबसाइट तीन महिन्यांनंतर बघू. तोवर वही दोन आकडे सांगेल : सॅम्पल घेतलेल्या दहांतल्या किती जणांनी वडी घेतली, आणि वडी घेतलेल्या दहांतली किती माणसं दोन महिन्यांत परत आली. दुसरा आकडा तीनच्या खाली असेल तर मी जाहिरातीला हात लावत नाही, साबणाकडे, सुकवण्याकडे किंवा मेसेजच्या वेळेकडे बघते. पाच-सहा येत असेल तर एका नव्या माणसावर किती खर्च परवडतो ते तुम्हाला नेमकं सांगता येईल, आणि मग छोट्या रकमेची जाहिरात लावून बघायला अर्थ आहे.

तर सुरुवातीचा क्रम मी असा ठेवेन. या आठवड्यात नियमांची चौकशी आणि लोशन बंद. तीन सुगंध ठरवून पहिली चाळीसची बॅच, पंधरा दिवसांनी दुसरी. त्या सुकत असताना कागदी पट्टे, दोन ओळींची चिठ्ठी, किमतीचा हिशोब. सहाव्या आठवड्यात सॅम्पलचे तीस तुकडे, आणि सातव्यापासून वहीप्रमाणे मेसेज. रकमेचे दहा भाग केले तर चार सॅम्पल आणि बेसिनवरच्या वड्यांना, तीन कच्च्या मालाला, दोन नियम-लेबलांना, आणि एक हाताशी राखून. परवान्याचा खर्च जास्त असेल तर हे वाटे बदलतील.

पण एक काम बॅचची वाट न बघता आजच करता येईल. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी तुमच्याकडून साबण नेला त्यांची नावं आठवून लिहून काढा. चाळीसएक निघतील. त्यांना एकेक करून विचारा, वडी पूर्ण संपवली की मध्येच ठेवून दिली. येतील ती उत्तरं इथेच खाली लिहा. मी ती वाचून सांगते, तुमच्या साबणात काही बदलायला हवं, की फक्त आठवण करून द्यायची राहिली होती.